अकरा नावांचं कडवं

गिटार आमच्या घरी आली ती साखरेच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून. माझा मामा हैदराबादेत लग्नाच्या बँडपार्टीत वाजवायचा. मालकानं विजेवर चालणारा बाजा घेतला आणि ही जुनी गिटार कुणालाच नको झाली. तेव्हा मामानं ती उचलली आणि उन्हाळ्यात बहिणीकडं येताना घेऊन आला. हुमनाबादपर्यंत लॉरीत, आणि तिथून आमच्या गावापर्यंत, निर्ण्यापर्यंत, बसमध्ये मांडीवर. कंडक्टरनं पोतं चाचपून विचारलं म्हणे, "हे लेकरू किती वर्साचं? अर्धं तिकीट लागतंय." मामा म्हणाला, "अजून बोलायला लागलं न्हाई, फुकट येऊ द्या." ही गोष्ट त्यानं आमच्या उंबऱ्यात चप्पल काढता काढताच सांगितली, आणि माय पिठाचे हात तसेच वर धरून हसत राहिली. पोतं सोडल्यावर मात्र तिचं हसू गेलं. "एवढा मोठा भोपळा आणलास, त्यात ज्वारी तरी भरता येती का?"

आमचं घर म्हणजे पुढं एक खोली आणि मागं चूल. अप्पा गवंडी होते. लोकांच्या भिंती ओळंबा लावून सरळ उभ्या करायचे, आणि आमची मागची भिंत माझ्या जन्मापासून पोटुशी बाईसारखी पुढं आलेली. संध्याकाळी ते सिमेंटनं पांढरे होऊन यायचे, भुवयासुद्धा. हातपाय धुवून दारात बसायचे, मांडीवर बोटांनी ताल धरायचे आणि खोकायचे. आत माय भाकरी थापायची. तिची थाप आणि अप्पांचा ताल कधी कधी जुळायचा, आणि जुळला की ती मुद्दाम हात थांबवायची, "मला तुमच्या भजनात धरू नका" म्हणून. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर लसणाचं चरचरीत तेल. मामा आला की सकाळी सुसला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरची-शेंगदाण्यांची फोडणी. त्या आठ दिवसांत मी शेंगदाणे मोजून खाल्ले नाहीत, एवढं आठवतं. बाकी वर्षभर आम्ही दाणे मोजूनच खायचो असं काही नाही, पण मायचं लक्ष असायचं.

मामाला शिकवायला आठच दिवस होते. मी सातवीतून शाळा सोडून दोन वर्षं झालेली, शेंगा फोडायला आणि खुरपायला जायची. मामानं माझे हात बघितले आणि म्हणाला, "हौ, हे चांगले हाईत. घट्टे आधीच पडलेत. हैदराबादेतली पोरं महिनाभर बोटं दुखतात म्हणून रडतात." पानाच्या डबीतला चुना काढून त्यानं गिटारीच्या दांडीवर पांढरे ठिपके दिले. एकदम दाबायचे हे तीन ठिपके म्हणजे सी कॉर्ड, हे तीन जी, आणि हे तीन ए मायनर. ठिपक्यावर बोट ठेवायचं, दाबायचं, दुसऱ्या हातानं वरून खाली तारा छेडायच्या. पहिल्या दिवशी नुसती खरखर. तिसऱ्या दिवशी एकदा स्वच्छ झंकार निघाला आणि मी घाबरून गिटार खाली ठेवली, काहीतरी तुटलं असं वाटून.

तारांपेक्षा जास्त मामानं मला मैफल शिकवली. त्याची वाक्यं मला अजून तोंडपाठ आहेत. "लोकांना जे येतंय तेच वाजव. नवं ऐकवायला गेलीस की लोक चहाला उठतात." "चुकलीस तर हसायचं आणि जोरात वाजवायचं. रडवी तोंडं कुणी बघत न्हाई." "ज्या गाण्याला टाळी येती ते गाणं सोपं, आणि सोपं गाणं लहान ठेवायचं. पोट भरायच्या आधी ताट उचलायचं, मग लोक परत बोलावतात." एकदा मी विचारलं, ह्या तीन कॉर्डांत सगळी गाणी बसतात का? तो म्हणाला, "अर्धी दुनिया बसती. उरलेल्या अर्ध्या दुनियेला एफ लागतोय." मग त्यानं मला एफ दाखवला. पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबायचं, आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढं कुठं कुठं धरायचं. मी दाबलं. लाकडावर काठी आपटल्यासारखा आवाज आला. "नक्को," मामा म्हणाला, "त्याच्या नादी लागू नक्को. एफ आला की ते गाणंच सोडायचं. गाणी काय कमी हाईत?"

आज माझी नात प्रज्ञा कलबुर्गीच्या कॉलेजात आहे, आणि ती मोबाईल भिंतीला टेकवून गिटार शिकते. परवा मला म्हणाली, "आज्जी, पहिल्या आठवड्यात वाजवता येतील आणि सगळे टाळ्या वाजवतील अशी गाणी दाखवतात हे." मी वाकून बघितलं. चष्मा लावलेला एक पोरगा माझ्या मामाचीच वाक्यं बोलत होता. मी हसले खरी, पण त्या रात्रीपासून हे लिहायचं मनात आलं. लिहायची मला सवय नाही. बोलते तसं लिहिते आहे.

मामा गेला आणि मी गाजले. खोटं कशाला सांगू, लई गाजले. वस्तीत बारसं असो, हळद असो, "सुमीला बोलवा, तिची ती पेटी घिऊन" असं सुरू झालं. मग गावातल्या किराणा दुकानदाराच्या बायकोनं, आम्ही तिला शिवम्मक्का म्हणायचो, नातवाच्या पाळण्याला बोलावलं. ते लिंगायत, घरात अर्धी मराठी अर्धी कन्नड. तिच्या ओसरीवर आमच्या वस्तीतली बाई त्याआधी कधी बसलेली मी पाहिली नव्हती. पायरीशी उभं राहून मीठ-तेल घ्यायचं आणि परतायचं. त्या दिवशी मला ओसरीवर चटई टाकून बसवलं. मी कन्नड पाळणा म्हटला, त्याच तीन बोटांवर. नंतर मराठी म्हटला, त्याच तीन बोटांवर. बायका डोलायला लागल्या. शिवम्मक्कानं मला स्टीलच्या ग्लासात चहा दिला, आणि तो ग्लास मी विसळायला उचलला तर म्हणाली, "ठेव गं, पोरगी धुईल." घरी येऊन मी हे मायला चार वेळा सांगितलं. अप्पा ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "टाळीनं ओसरी मिळाली. बरं झालं. टाळीनं मिळतंय त्ये टाळीबरूबर जातंय, ध्यानात ठेव." मला राग आला. वाटलं, म्हाताऱ्याला हेवा वाटायलाय.

अप्पांना हेवा वाटण्याचं कारण माझ्या मते असं की वस्तीचं गाणं तोपर्यंत त्यांचं होतं. विहिरीचं गाणं. आमच्या वस्तीला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, म्हणून माझ्या जन्माआधी अकरा घरांनी मिळून तांबड्या दगडात स्वतःची विहीर खणली. दिवसा दुसऱ्यांच्या शेतात राबायचे आणि उरल्या वेळात खणायचे. पाणी लागलं तो दिवस वस्ती दरवर्षी पाळते. त्याला आम्ही पाण्याचा दिवस म्हणतो. उन्हं कलली की सगळे विहिरीशी जमतात, आधी वंदना होते, मग गाणं, मग गव्हाची गुळातली हुग्गी. गाणं अप्पांनीच रचलेलं. त्याची सुरुवात सोपी, "पाणी लागलं, पाणी लागलं, आपल्या हातानं पाणी लागलं." मग खणण्याची दोन कडवी. आणि मग नावांचं कडवं. एकानंच विचारायचं, त्यानंच उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी ऐकायचं: टिकाव कुणाचा? टिकाव संभाचा. दोर कुणाचा? दोर माणिकाचा. घमेलं कुणाचं? घमेलं गुणाईचं. अशी अकरा. नाव आलं की त्या घरातलं कुणीतरी भरलेला तांब्या घेऊन पुढं यायचं आणि विहिरीच्या काठावर पाणी ओतायचं. पाणी ओतून माणूस बाजूला झाला की पुढचं नाव. त्यामुळं हे कडवं लांबायचं, पोरं कंटाळून खडे मारायला लागायची.

आणि हे कडवं वर जायचं. बाकी गाणं बसल्या आवाजात, पण नावं आली की अप्पा आवाज चढवायचे, गळ्याच्या शिरा फुगायच्या. मी लहानपणी विचारलं होतं, एवढं कामून ओरडता? ते म्हणाले, "बाहीर आपल्या माणसाला 'ए' म्हणून बोलवायलेत. चांगल्या नावाचं मोडकं नाव करायलेत. मग हितं तरी नाव वरच्या सुरात घ्यावं का न्हाई?"

अकरांत एक नाव लालप्पाचं. विहीर खणताना कड कोसळली आणि तो खाली गाडला गेला. नव्या लग्नाचा होता. तिसऱ्या दिवशी त्याची पहार जिथं रुतून बसली होती तिथनंच पाणी फुटलं, असं सगळे सांगतात. त्याची बायको सोजरबाई. मूल नाही, दीर-सासू पुढं एकेक करून गेले. आमच्या घरापासून तिसरं घर तिचं. मी तिला मावशी म्हणायची. ती तुरीची डाळ भरडायची आणि जात्यावर ओव्या म्हणायची, पण सगळ्या ओव्यांत भाऊ, नाहीतर माय. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात घेते तेवढं, उखाण्यात. विधवा झाली की तेही गेलं. म्हणजे सोजरमावशीच्या घरात ते नाव उच्चारणारं माणूसच उरलं नव्हतं. वस्तीत सगळे तिला सोजरबाई म्हणायचे, कुणाची आई म्हणायला मूल नव्हतं. वर्षातून एकदा, विहिरीच्या काठावर, अप्पांच्या वरच्या सुरात ते नाव यायचं, आणि ती पदर खांद्यावरून घट्ट ओढून तांब्या घेऊन पुढं यायची. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. कळत होतं. मायनं मला एकदा स्पष्ट सांगितलं होतं: "सोजरबाई दिवाळी धरत न्हाई, काई धरत न्हाई. पाण्याच्या दिवसाला तेवढं नवं लुगडं काढती."

मी गाजले त्याच वर्षी अप्पांचा घसा बसला. सिमेंट छातीत गेलेलं. हुमनाबादच्या डॉक्टरनं सांगितलं, दोन-तीन महिने मोठ्यानं बोलायचं नाही, गायचं तर नावच नको. पाण्याचा दिवस पंधरा दिवसांवर. अप्पांनी मला बोलावलं आणि कुजबुजत म्हणाले, "सुमे, औंदा गाणं तू म्हण."

"गिटारीवर म्हणू?"

"कशावरबी म्हण. नावं सोडू नको."

"कशाला सोडीन?"

"वर जातंय त्ये. तिथं दम लागतोय. म्हणून सांगायलाव."

आवाज माझा वर जात होता. अडचण बोटांची होती. सगळं गाणं सी, जी आणि ए मायनरमध्ये छान बसलं, आणि नावांच्या कडव्याशी आले की तिथं एफच लागायचा. दुसरं काही वाजवलं की सूर आणि तारा दोन दिशांना जायच्या, मांजरांच्या भांडणासारखं व्हायचं. मी पंधरा दिवस एफ दाबला. बोटाला वळ पडले. माय म्हणायची, "एक बोट मोडून घेशील, मग खुरपं कोण धरंल?" कधी दहांतून एकदा वाजायचा, नाहीतर ती काठी आपटल्याची थप. परवा मी प्रज्ञाला हे गाणं गुणगुणून दाखवलं, तर दोन मिनिटांत तिनं पट्टी बदलली. "आज्जी, गाणं जीमधनं धरायचं की. मग एफ लागतच न्हाई, तिथं सी येतोय." मी म्हटलं, मला कुणी सांगितलं नव्हतं. पण हे खरं कारण नाही. साधी गोष्ट होती. त्या एका कडव्यापुरता गिटारीवरचा हात काढायचा आणि नुसत्या गळ्यानं म्हणायचं. अप्पा आयुष्यभर नुसत्या गळ्यानंच म्हणत आले होते. मला हे सुचलं होतं. आदल्या दिवशी, तुळईवरची जळमटं झाडताना सुचलं होतं. पण गळ्यात गिटार आणि हात रिकामे, असं लोकांसमोर उभं राहायचं म्हणजे मला ती येत नाही हे उघडं पडणार. शिवम्मक्कासुद्धा येणार होती ऐकायला. माझ्या मोठ्या बहिणीच्या सासरचे लोक संतपूरहून टेपरेकॉर्डर घेऊन येणार होते. मी हात काढला नाही. मी कडवं काढलं.

त्या दिवशी विहिरीशी एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. वंदना झाली. मी दगडावर बसले, एक पाय वर घेऊन, मामा बसायचा तशी. पहिल्याच ओळीला टाळी सुरू झाली. अप्पांच्या वेळी टाळी कधी पडत नव्हती, लोक गाणं गंभीर होऊन ऐकायचे. मी "पाणी लागलं" म्हटलं की शंभर तोंडं "पाणी लागलं" म्हणायची. बहिणीच्या सासऱ्यानं टेपरेकॉर्डर माझ्या तोंडाजवळ धरला होता. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि सवयीनं अकरा घरांची अकरा माणसं तांबे घेऊन पुढं सरकली. सोजरमावशी मधेच कुठंतरी होती, निळं कोरं लुगडं, घडीच्या रेघा अजून दिसत होत्या. अप्पा माझ्यासमोर बसले होते. त्यांनी मान वर केली, आता चढणार म्हणून.

मी परत "पाणी लागलं" वर आले. पहिल्यापेक्षा जलद, पहिल्यापेक्षा जोरात. लोक उठून उभेच राहिले. अप्पांनी तोंड उघडलं, मी बघितलं, ते पहिलं नाव स्वतःच घ्यायला निघाले होते, पण खोकल्यानं त्यांना वाकवलं आणि टाळ्यांत तो खोकलाही कुणाला ऐकू गेला नाही. तांबे घेऊन आलेल्यांतल्या एका पोरीनं हसत हसत पाणी उडवलं, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी एकदमच काठावर ओतलं. पोरं भिजली, आरडाओरडा झाला. शेवटचा झंकार मी मुद्दाम लांबवला. शिट्ट्या आल्या. शिवम्मक्का लांबून म्हणाली, "एष्टु चंद!" किती छान, असं.

गर्दी हुग्गीच्या पातेल्याकडं वळली तेव्हा मला दिसलं, सोजरमावशी जागची हलली नव्हती. तिचा तांब्या भरलेला होता. तो तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता आणि ती माझ्याकडं बघत होती, गाणं अजून पुढं आहे आणि मी दम खायला थांबले आहे, अशी. मी मान खाली घालून तारा पुसायला लागले. तारा पुसायचं काही नसतं. पुसत राहिले. थोड्या वेळानं ती माझ्याजवळनं गेली. "गोड झालं गं पोरी," म्हणाली. पाणी सांडू नये म्हणून हळूहळू पाय टाकत, तो भरलेला तांब्या घेऊन ती घरी गेली. हुग्गी घेतली नाही.

रात्री जेवताना अप्पांनी विचारलं, "नावं?"

"विसरले अप्पा. एवढी माणसं बघून विसरले."

माय भाकर मोडता मोडता थांबली. पंधरा दिवस ती माझी खटपट बघत होती, तिला सगळं माहीत होतं. मोडलेली भाकर तिनं माझ्या ताटात टाकली. अप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "विसरतंय माणूस." बस. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी आज हे लिहायला बसले नसते.

टेप संतपूरला गेली. तिथून तिच्यावरून आणखी टेपा निघाल्या. लग्नात वाजली, जत्रेत वाजली, हुमनाबादच्या एका धाब्यावर मी स्वतःच्या कानानं ऐकली, ड्रायव्हर लोक टेबलावर ताल धरत होते. पुढच्या वर्षी पाण्याच्या दिवसाला अप्पांचा घसा बरा होता, पण पोरं म्हणाली, "काका, टेपमधल्यासारखं म्हणू की. त्ये लई भारी हाय." अप्पा बाजूला बसले. अकरा तांबे एकदम ओतायचे, आरडाओरडा करायचा, हीच आता रीत झाली आहे, आणि आमच्या वस्तीतल्या लहान लेकरांना वाटतं ती पहिल्यापासून अशीच आहे. सोजरमावशी त्या वर्षी आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मायनं विचारलं तर म्हणाली, "गुडघे दुखायलेत." विहीर तिच्या दारापासून चाळीस पावलं.

मग माझं लग्न झालं आणि मी कलबुर्गीला आले. इथं अंगणवाडीत लागले, लेकरांना पुष्कळ गाणी शिकवली, सगळी सोपी, सगळी टाळ्यांची. गिटार माहेरीच राहिली आणि उंदरांनी तिचं काय केलं ते मी कधी विचारलं नाही. अप्पा नंतर नऊ वर्षं जगले. नऊ वर्षं मी दिवाळीला, पंचमीला माहेरी जात होते, त्यांच्याजवळ बसत होते, आणि "अप्पा, ते कडवं मला नीट सांगा, लिहून घेते" एवढं एक वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. विचारलं असतं तर आधी ते खोटं कबूल करावं लागलं असतं. आता उद्या विचारू, आता पुढच्या खेपेला. ते गेले तेव्हा कडवं त्यांच्याबरोबर गेलं. ज्यांची नावं त्यात होती त्यातली निम्मी घरं पुण्याला, हैदराबादला गेलेली. राहिलेल्या घरांत मी विचारत फिरले. एक नातू म्हणाला, "त्या गाण्यात असलं कडवं होतं व्हय? टेपमधी तर न्हाई."

अप्पांच्या तेराव्या-चौदाव्या दिवशी दुपारी मी सोजरमावशीकडं गेले. ती अंगणात सुपात तूर निवडत बसली होती. डोळे अधू झालेले, बोटांनीच खडे ओळखत होती. मी जवळ बसले. बाप गेला म्हणून तिनं माझ्या पाठीवर हात फिरवला. त्या हातानं मला रडू आलं ते बापासाठी नव्हतं.

"मावशी," मी म्हटलं, "त्या वर्षी मी विसरले नव्हते. मी नावं सोडली. मला ती वाजवता येत नव्हती म्हणून सोडली."

तिनं सुपातनं एक खडा काढून बाजूला टाकला. "ठाऊक हाय."

"तुला अप्पांनी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगतंय? तू वर बघत नव्हतीस गं. विसरलेलं माणूस वर बघतंय, इकडं तिकडं बघतंय, कुणी तरी सांगंल म्हणून. तू खाली बघायलतीस."

मग मी म्हटलं, "आता म्हणू? गिटार न्हाई, काई न्हाई. नुसतं म्हणते."

"आता कामून?"

"म्हणू दे मावशी."

"म्हण बापा. मी कुठं धरलंय तुला?"

मी आवाज चढवला. शेजारच्या अंगणातली कोंबडी पळाली. टिकाव कुणाचा, टिकाव संभाचा. दोर कुणाचा, दोर माणिकाचा. घमेलं कुणाचं, घमेलं गुणाईचं. तिची बोटं सुपात थांबली होती. चौथं घेतलं, पाचवं घेतलं. सहावं चाचपडत घेतलं. मग म्हटलं, पहार कुणाची? आणि त्या घाईत, त्या रडण्यात, का एवढ्या वर्षांत डोक्यात सगळं कालवून गेलं होतं म्हणून, मी म्हटलं, पहार माणिकाची.

"न्हाई," ती ताडकन म्हणाली. "पहार लालप्पाची."

बोलून गेल्यावर तिला कळलं. सगळ्या जन्मात मी तिच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा ऐकलं, आणि ते तिनं घेतलं ते मी चुकले म्हणून. तिचा हात पदराकडं गेला, तोंडापर्यंत आला आणि तिथंच राहिला. मी पाया पडायला वाकले तर तिनं मला खांद्याला धरून सरळ केलं.

"पुढं?" ती म्हणाली.

"पुढचं मला येत न्हाई, मावशी. अजून चार हाईत. तुला येत असतील, तू तर दरसाल ऐकायचीस."

तिनं परत सुपात बोटं घातली.

"मलाबी येत न्हाईत," ती म्हणाली. "त्येचं नाव आलं की पुढचं मला कधी ऐकूच आलं न्हाई."